आबाजींची झडप

"आबाजी, उठा ना! पाच मिनिटांचं काम आहे," अवनी तिसऱ्यांदा म्हणाली.

शाळेच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी हृदयतपासणीचं शिबिर होतं. आडवं झोपवून छातीवर छोटंसं यंत्र फिरवलं की टॅबवर आतलं हृदय हलताना दिसायचं. अंजनगावातले आजी-आजोबा गोळा करायचं काम दहावीच्या मुलींकडे होतं आणि अवनी त्यांची पुढारी. सकाळी तिनं माईकवर भाषणसुद्धा ठोकलं होतं. आणि तिचेच आजोबा, नत्थुजी, खुर्चीला चिकटून बसलेले!

"मले काई झालं नाई. तुये डॉक्टर काईतरी काढतीन, अन् तुया बाप माई लुना बंद करीन."

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. अवनीला कुठं तोंड लपवू असं झालं.

शेवटी रामराव धावून आले. नत्थुजींचे लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांचे पानमळेही शेजारी शेजारी.

"चाल बे नत्थू, मी येतो संगं. पोट्टीची इज्जत काहून घालवून राहिला?"

"तुमचंही नाव लिहू का?" अवनीनं विचारलं.

"मायं? माया छातीत बैल हाये बैल! त्याले काय पाहतं?"

दोघं पडद्याआड गेले. बाहेर आले तेव्हा रामराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं गळा पुसत होते. "लय गरम होते बापा आत." नत्थुजी मात्र खुशीत होते. अवनीला टपली मारून म्हणाले, "झालं तुया मनासारखं?"

संध्याकाळी डॉक्टरांनी अवनीच्या बाबांना, गजेंद्रला, बोलावून घेतलं. नत्थुजींच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. जड काम बंद, शिडी चढणं बंद, गाडी तर नाहीच. उद्याच अमरावतीला मोठी तपासणी.

गजेंद्रनं घरी येऊन लुनाची किल्ली खिशात घातली. नत्थुजी ओट्यावर बसलेल्या रामरावांकडे नुसतं बघत राहिले.

रामराव हसले. जरा जास्तच जोरात हसले. "त्या डब्ब्याचं काय खरं धरतं बे! तू जाऊन ये अमरावतीले. तुया मळ्यातले वेल मी बांधतो सकाळी शिडी लावून."

"राहू दे ना रामा."

"काहून राहू दे? मले काय धाड भरली?"

अमरावतीच्या दवाखान्यात अवनी आजोबांचा हात धरून उभी होती. डॉक्टरांनी छातीवर जेल लावलं तसे नत्थुजी टुणकन उडाले. "अरे बापा! हे काय थंडगार चोपडता?"

"सगळेच उडतात आजोबा," डॉक्टर म्हणाले. अवनीनं लाजून भिंतीकडे तोंड केलं.

बराच वेळ यंत्र फिरलं. मग डॉक्टरांनी मान हलवली. "हृदय एकदम छान आहे. झडपाही छान. काल काहीतरी गडबड झाली असेल."

बाहेर येताच गजेंद्र अवनीवर उखडला. "झालं समाधान? रातभर डोयाले डोया नाई. आली मोठी भाषण देणारी!"

अवनीचा चेहरा लालेलाल झाला. कालचा तो माईक, त्या टाळ्या, सगळं आठवून तिला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. "सॉरी आबाजी," ती पुटपुटली. "माझ्यामुळे तुम्हाला उगाच..."

गजेंद्रनं लुनाची किल्ली काढून वडिलांपुढे धरली. "घ्या बाबा. चालवा खुशाल."

नत्थुजींनी किल्ली घेतली नाही. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. नातीकडे बघायची त्यांना हिंमतच होईना.

"अवनी, रामरावले फोन लाव. त्याले म्हण, पयले शिडीवरून खाली उतर."

"काहून आबाजी?"

"काल पडद्याआड मी नुसता उभा होतो, बाई. माया जागी झोपला तो होता."