नागपूरहून निघणारं तिकीट

“मायले काही नाही झालं, थोडी सर्दी आहे,” अर्चनानं फोनवर सांगितलं. आतला खोकला तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून ती ओसरीतून अंगणात आली होती.

टोरांटोला नोकरीला गेलेला नितीन म्हणाला, “बरं ताई. औषध वेळेवर देत जाय.”

खोटं इतकं सहज खपलं, याचंच तिला वाईट वाटलं. मायचं, लीलाबाईंचं, हृदय थकलं होतं. पाय सुजले होते. जवळच्यांना बोलावून घ्या, असं सौंसरच्या डॉक्टरांनी दोनदा सुचवलं होतं. जवळचा म्हणजे हा एकच, धाकटा भाऊ. वडील दादाराव जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पण नितीनचं तिकीट डिसेंबरचं होतं, आणि तिकिटाची ती सगळी अक्कल अर्चनाची होती.

पांढुर्ण्याला स्टेशनजवळ तिचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. सौंसरहून ती रोज बसनं जायची. लोकांचे फॉर्म भरता भरता, रेल्वेची तिकिटं काढता काढता ती विमानाची तिकिटंही शिकली. कोणी शिकवलं नाही. कॅनडातून निघून कॅनडात परतणारं तिकीट महाग पडतं. तेच भारतातून, रुपयांत, नागपूरहून निघून नागपूरला परतणारं घेतलं तर जवळजवळ अर्ध्यात येतं, हे तिचं तिनंच शोधून काढलं. मग नितीननं एकदाच नुसतं इकडं येण्याचं तिकीट घेतलं. तेव्हापासून तो नागपूरहून जायचा आणि नागपूरला परतायचा. विमानवाल्यांच्या लेखी त्याचं घर इथंच होतं, टोरांटोला तो पाहुणा. पुढच्या वर्षीचं येणं आदल्या वर्षीच विकत घेऊन ठेवलेलं असायचं.

गल्लीत हे ऐकलं नाही असं कोणी उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नितीन म्हणाला, ताई, तुझी रीत मले समजली, आता माझं मीच काढत जाईन. तिला जरा लागलं होतं. पण विद्यार्थी पास झाला, म्हणून तिनं सोडून दिलं.

या स्वस्ताईत एकच खोट होती. तारीख बदलता येत नसे. आधी यायचं तर डिसेंबरचं तिकीट वाया, आणि तिकडून तिप्पट दरानं नवं. डिसेंबरला दोन महिने होते. तेवढे माय काढेल, असं अर्चनानं मायच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी लीलाबाईंनी विचारलं, “नितीनले सांगितलं का तू?”

“सांगितलं ना. सुटी नाही भेटून राहिली म्हणते त्याले.”

लीलाबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांची पाठ थोडी हलताना दिसली. अर्चना स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

त्यानंतर मायनं नितीनचं नाव काढलं नाही. रागावली असेल, अर्चनाला वाटलं. रागवावं असंच होतं. दुकान बंद ठेवून ती घरी थांबली की मायला ते खपत नसे.

“तू अशी माझ्याकडं पाहत बसली तं मी डिसेंबरच्या आधीच जाईन. दुकान उघड. दुपारी प्रेमलता येऊन बसते माझ्यापाशी.”

प्रेमलताकाकू शेजारच्या. पूर्वी अर्चना दिसली की त्या अर्धा तास सोडत नसत. आता तिला पाहून बोलता बोलता थांबत. नळावरच्या बायाही तशाच. अर्चना मान खाली घालून बस धरायची. चार पैशांसाठी हिनं भावाला मायपासून लांब ठेवलं, हे सगळ्यांना कळलं होतं, तिची खात्री झाली.

महिन्याभरानं एका सकाळी लीलाबाईंना श्वास पुरेना. डॉक्टर घरी येऊन गेले. नागपूरला हलवण्यात आता अर्थ नाही म्हणाले, आजचा दिवस जवळ बसा. अर्चना अंगणात गेली. साडेसात वाजले होते.

“नितीन, मी खोटं बोलली तुझ्याशी,” ती म्हणाली. “सर्दी नव्हती. तुझं तिकीट वाया जाईल म्हणून नाही सांगितलं. माय चालली रे. तू निघ. कुठूनही घे तिकीट, कितीचंही घे.”

“ताई, ऐक ना, मी…” तो थांबला. “येतो.”

ती आत येऊन मायच्या पायथ्याशी बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. टोरांटो ते दिल्ली, मग नागपूर, मग गाडी. कसंही जोडलं तरी उद्या संध्याकाळ. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दर न पाहता सगळ्यात आधी निघणारं विमान निवडलं. नितीनचं नाव भरलं. हेच घेऊ का, असं विचारायला त्याला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. मायचा श्वास मोजत ती लावत राहिली. संध्याकाळपर्यंत तरी टिक, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि तेही उद्याच्या संध्याकाळपर्यंत.

सव्वानऊला दारात मोटरसायकल थांबली. नागपूरचा नंबर. घरोघरी पार्सल पोचवणारी पोरं घालतात तसा लाल टी-शर्ट घातलेला माणूस आत आला, उशाशी बसला आणि त्यानं हेल्मेट काढलं.

लीलाबाईंनी डोळे किलकिले केले. नितीनच्या गालाला हात लावला, आणि पायथ्याशी कोण बसलं आहे ते न दिसल्यानं हळूच म्हणाल्या,

“आज सकाळीच कसा आला रे? ताई नाही गेली अजून दुकानात.”