दयानंदचं म्हणणं

नाक्यावरच्या शिपायाने मागच्या सीटच्या पाठीमागे हात घातला आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. पिकअपच्या बॉनेटवर ठेवून सुतळी सोडली. आत लांब नळीची जुनी रायफल होती, दस्त्यावर चांदीची पट्टी मढवलेली.

गाडी चालवणाऱ्या जमालने ती लगेच ओळखली. अर्बाबच्या, म्हणजे त्याच्या अरब मालकाच्या, बापाची. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्याच्या नावावरचा परवानाही संपला. अर्बाबने तो आपल्या नावावर करून मागितला, तेव्हा पोलिसांनी त्याचं मागचं रेकॉर्ड तपासलं. एक जुनी मारामारी निघाली. दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. बंदूक जमा करा, असं दुसऱ्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद सहमच्या पोलीस ऑफिसातून जमालनेच आणून दिला होता. आज रुस्ताकला अर्बाबच्या भाच्याचं लग्न होतं, आणि त्याला मांडवात बार काढायचे होते.

"कोणाची ही?" नाक्यावरच्या पोलीस साहेबाने विचारलं. वयाने जमालएवढाच असेल, आवाज शांत.

"मला काय ठाऊक?" अर्बाब म्हणाला. तो खजूर चघळत होता. "मागे बसलाय त्याने ठेवली असेल. हे लोक गाडीत काय काय भरतात." त्याने बी तळहातावर काढली आणि रस्त्यावर टाकली.

मागे बसलेला म्हणजे दयानंद. कणकवलीकडचा, चाळिशी ओलांडलेला, अर्बाबच्या शेतावरचे पंप बघणारा. येऊन जेमतेम पाच महिने झालेले. अरबी त्याला यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे संपलं, एवढीच. लग्नघरची मोटर बंद पडली म्हणून त्याला आज बरोबर घेतलं होतं. खाली उतरून तो आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

साहेबाने चांदीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "ही ह्या कामगाराची?" मग तो जमालकडे वळला. "त्याची भाषा येते तुला?"

"येते." जमाल त्याच मुलखातला होता.

"मग विचार त्याला. आणि आधी हे सांग, की आत्ता बोललंच पाहिजे असं नाही. ठाण्यात आम्ही दुभाष्या देऊ, तोवर गप्प राहिला तरी चालेल."

अर्बाबने जमालच्या खांद्यावर हात ठेवला. "जमाल," तो हिंदीत म्हणाला, अगदी सहज, "तेरा बीबी का कागद. कल साईन."

साहेबाला हिंदी कळत नव्हती.

जमालच्या बायकोच्या, खुदेजाच्या, व्हिसाचा अर्ज सात महिने सहीविना अर्बाबच्या खणात पडून होता. खांद्यावरचा हात जड होता, खजुराने चिकट झालेला. शर्टातून तो चिकटपणा कातडीला लागला, तशी जमालला किळस आली. पण त्याने खांदा हलवला नाही.

"दयानंद," तो म्हणाला, "साहेब विचारतायत, ही गाडीत कोणी ठेवली?"

एवढंच विचारलं. गप्प राहण्याचं सांगितलं नाही.

दयानंद घाईघाईने बोलू लागला. "जमालभाय, सगळा नीट सांग ह्यांका. ठेवली मीच. पण सकाळी अर्बाबान माझ्या हातात दिल्यान आणि सीटीमागे दाखवल्यान. माका वाटला बोअरचो पायप. गोणपाटात बंदूक आसा ह्या माका आत्ता कळला. आईशप्पत."

"काय म्हणतो?" साहेबाने विचारलं.

"म्हणतो, त्यानेच ठेवली."

"एवढंच? बराच वेळ बोलला."

"घाबरलाय. तेच तेच सांगतोय."

साहेबाने दयानंदकडे बघितलं. दयानंदने जोरजोरात मान हलवली, सगळं बरोबर आहे अशी.

"बंदूक आहे हे माहीत होतं त्याला?"

हे विचारायला जमाल दयानंदकडे वळलासुद्धा नाही. "हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

आपलाच आवाज त्याला ऐकू आला. स्वच्छ, अदबीचा, अरबी उच्चार एकही न चुकता.

साहेबाने कागद लिहिला. दयानंदने दाखवलेल्या जागी देवनागरीत सही केली, आडनावासकट, शाळेत गिरवल्यासारखी. शिपायाने त्याला जीपकडे नेलं.

"तुझी अरबी चांगली आहे," साहेब जमालला म्हणाला. त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते जमालला कळलं नाही.

अर्बाब पिकअपमध्ये जाऊन बसला होता. त्याने खजुराचा डबा उघडून ड्रायव्हरच्या सीटकडे धरला. "यल्ला, जमाल. खा. उशीर होतोय." जमालने एक उचलला, तोंडात घातला. तो चावला, गिळला आणि ओठ पुसले.

जीप त्यांच्या शेजारून वळताना थांबली. मागच्या खिडकीतून दयानंदने डोकं बाहेर काढलं.

"केळींका पाणी लावलेला आसा," तो म्हणाला. "परत गेल्यावर व्हॉल बंद कर, नायतर मुळा कुसतली."

जमालने मान हलवली.

"आणि बरा झाला हां, जमालभाय, तू होतस," दयानंद म्हणाला. "नायतर माझा म्हणणा ह्यांका कोणी सांगितला असता?"