खाडीपल्याडचा दिवा

गोदूबाई म्हातारपणी परदेशात कायमची राहायला गेली. पण तिला विचाराल तर ती कुठं गेलेलीच नाही.

परदेश म्हणजे खाडीपल्याडचं बागमांडलं. अलीकडचं तिचं गाव बाणकोट इंग्रजांचं, बागमांडलं जंजिऱ्याच्या नबाबाचं. नबाबाच्या जकात नाक्यावर तिचा सदा शिपाई म्हणून लागला आणि आईला पाट्या-वरवंट्यासकट होडीत घालून घेऊन आला. इथं तिच्याशी बोलायला शेजारणीची कोंबडीसुद्धा राजी नव्हती. बाणकोटात ती रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा ठेवायची आणि त्या दिव्याच्या रोखानं कोळीवाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागायच्या.

इथंही तिनं तो तसाच खिडकीत ठेवला.

मग काय, अख्खा कोळीवाडा मासळीसकट नबाबाच्या मुलखात उतरू लागला. "गोदूकाकी, आज परत चकवलंस गं!" म्हणून कोळीवाड्यातला चंदर होडीतूनच ओरडायचा आणि तिच्या हातची भाकर खाऊन परत जायचा. ती त्याला गावातलं कोण आजारी, कोण बाळंत, सगळं खोदूनखोदून विचारायची.

शेवटी सदा वैतागला. "आये, ही माणसं परवान्याबिगर येतात आणि अडवायचं मी! वरून हुकूम आलाय. विझव तो दिवा."

गोदूबाई उठली, पोराच्या पितळी बिल्ल्यासमोर पदर सारखा करून उभी राहिली. "विझवते. पन माझाबी एक अर्ज हाय, सरकार."

"बोल."

 

"मी आन् माजा दिवा बाणकोटचंच, ही खाडीच तेवढी मधी आलीया. तरी मेहेरबान नबाबसायबांनी ही खाडी उचलून आमच्या घराच्या मागल्या अंगाला ठेवावी, ही विनंती."