बिनआवाजाचा माऊस

"ह्योबी वाजतोय," म्हणत भरमूनं तिसरा माऊस काउंटरवर परत ठेवला.

खडेबाजारातल्या त्या दुकानाचा मालक साईराज आता मनातल्या मनात हसत होता. माऊस कानाशी धरून निवडणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. शर्टावर सुताचा भुगा होता, म्हणजे वडगावचा विणकर हे वेगळं सांगायला नको.

"अण्णा, माऊस म्हटल्यावर थोडं टक् करणारच की."

"पोरीची परीक्षा हाय रं. घरात बसून द्यायची. कॅमेऱ्यातनं बघत्यात, आवाजबी ऐकत्यात म्हणं. उगं संशय नको."

लॅपटॉपवरच्या बोट फिरवायच्या पट्टीत मागाचा भुगा जाऊन ती अडकायला लागली होती, म्हणून ही खरेदी. साईराजनं आतून एक काळा माऊस आणला. बटण दाबलं. काही ऐकू आलं नाही. वायर नव्हती, नखाएवढा एक तुकडा तेवढा लॅपटॉपला खोचायचा.

"खाटंवर लोळत पिक्चर बदला, अण्णा. तिथनंबी चालतोय."

"दोन दे."

"पोरगी एकच न्हवं?"

"मागावर सुताची एक कांडी चालू असली की दुसरी भरून हाताशी ठेवतोय आमी. सूत संपल्यावर भरत बसलं तर माग थांबतोय. परीक्षा थोडीच थांबणार हाय?"

हे साईराजला पटलं. दोन्ही तुकडे एकदमच खोचून ठेवले तरी चालतात, म्हणजे अदलाबदलीत वेळ जात नाही, हेही त्यानं आपणहून सांगितलं.

भरमूचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दोन माग. मागच्या खोलीत नीलमचं टेबल आणि पडद्यापलीकडे तिच्या आईची खाट. दोन वर्षांपूर्वी नागुबाईची उजवी बाजू लकव्यानं गेली, वाचाही गेली. उरला डावा हात. खाटेवर एकदा थाप मारली की पाणी, दोनदा मारली की कूस बदलायची. हे सगळं नीलम करायची. भरवणं, अंग पुसणं, रात्रीचं उठणं, सगळंच. गल्लीत तिचं नाव निघालं की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

परीक्षा बंगळुरातल्या कंपनीची होती. पास झाली तर महिन्याभरात तिकडे जायचं होतं. दिवसरात्र माग हाकूनही भरमू तिला जे देऊ शकला नसता, ते त्या नोकरीत होतं. नागुबाईसाठी त्यानं राजाबाई नावाची एक बाई ठरवली होती. ती एकदा येऊन गेली. पोतं उलथावं तशी तिनं नागुबाईची कूस बदलली. भरमूला बरं वाटलं नाही, पण दुसरं कोण मिळणार, असं म्हणून त्यानं तिलाच कायम केलं.

आदल्या दिवशी आईला पेज भरवताना नीलम त्याला नियम सांगत होती. "बाण चौकटीच्या भाईर जाऊन बटण दाबलं की ताकीद मिळत्या, आप्पा. तीनदा झालं की परीक्षा बंद. परत बसायला देत न्हाईत."

"मग ध्यान देऊन कर."

"हात थरथरला तर वो?"

"थरथरत न्हाय तुझा हात. आईला बघ, कशी बघाय लागल्या तुझ्याकडं." नागुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नीलमनं ते ओढणीनं टिपलं. आईला आनंद झाला की असंच व्हायचं, असं ती सगळ्यांना सांगायची.

परीक्षेच्या सकाळी भरमूनं दोन्ही माग बंद केले. दोन्ही तुकडे खोचले, दोन्ही माऊस चालू केले. एक नीलमच्या हाताखाली ठेवला. दुसरा टेबलावर दिसला तर कॅमेरावाल्यांना शंका यायची, म्हणून तो पडद्यामागं, खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. नीलमनं नुसता हात मागं केला तरी मिळेल असा.

"नागू, राखण कर गं ह्याची. खाटंवरनंबी चालतोय म्हणं ह्यो," तो थट्टेनं म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

अर्धा तास झाला असेल. आतून नीलमची किंकाळी आली.

तो आत पळाला. ती टेबलाजवळ उभी होती, चेहरा पांढराफटक. "आप्पा, बाण आपोआप पळाय लागला वो! मी हात काढला, तरी पळतोय. तीनदा भाईर गेला, बटणबी आपोआप दाबलं. बंद झाली परीक्षा."

"दुसरा का घेतला न्हाईस?"

"स्टुलावर न्हवताच!" ती ओरडली आणि तशीच पायरीवर जाऊन गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली.

अर्धा तास कानाशी धरून निवडला आणि खराब तोच निघाला. पोरीच्या आयुष्याचा आपल्याच हातानं घात झाला, असं भरमूला वाटलं. मग त्याला साईराजचा संताप आला. दोन्ही माऊस आत्ताच्या आत्ता नेऊन त्याच्या तोंडावर मारायचे, असं ठरवून त्यानं टेबलावरचा उचलला आणि दुसरा शोधायला पडदा सारला.

स्टूल रिकामं होतं. तो गुडघ्यांवर बसला, खाटेखाली हात फिरवून पाहिला. तिथं काही नव्हतं. नागुबाई डोळे गच्च मिटून पडली होती. पडला असेल अंथरुणात, म्हणून त्यानं गोधडी वर केली.

नागुबाईच्या डाव्या पंज्याखाली माऊस होता, आणि तिचं बोट अजून बटण दाबत होतं.