रस्त्याच्या तोंडावरचा अर्धा एकर

"सव्वीस हजार," असं म्हणून वासुदेवरावांनी कपबशी खाली ठेवली. "याच्यावर आता एक पैसा नाई, धुरपताबाई."

धुरपता काहीच बोलली नाही. तिचा नवरा हरिदास जिल्हा परिषदेत चपराशी होता. आकडा ऐकून त्यानं खाटेचा काठ घट्ट धरला. अठरापासून निघालेला भाव तीन खेपांत सव्वीसवर आला होता, आणि त्यासाठी धुरपताला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. ती गप्प बसली की वासुदेवराव आपणच वर चढत. माणूस मूळचा देवळीचा, कापसाच्या दलालीत मुरलेला. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हाती घेतली, तशी दलाली बसली आणि हे जमिनीत उतरले. समोरचा गप्प आहे म्हणजे भाव कमी पडतो आहे, एवढं मात्र जुन्या धंद्यातून बरोबर घेऊन आले.

आताही त्यांना दुसरा इलाज नव्हता. बोरगाव मेघेत त्यांनी प्लॉट पाडून विकायला आठ एकर घेतलं होतं. नकाशा काढून तयार, जाहिरातीचे कागद छापून तयार. फक्त त्या आठ एकरांत शिरायला वाट नव्हती. वाट होती ती धुरपताच्या अर्ध्या एकरातून, तिच्या अंगणावरून.

शेवटी हरिदासच बोलला. "साहेब, जागा देऊन टाकतो. पन मंग आमी जाव कुठं? तुमच्या लेआउटातच एक प्लॉट द्या ना. पैशातून कापून घ्या."

वासुदेवरावांचा चेहरा एकदम मायाळू झाला. नकार द्यायचा असला की तो तसा होत असे.

"माह्यं काई नाई, हरिदास. मी तं तुमच्या घरचा चहा पेतो, पाहूनच राह्यला तू. पन गिऱ्हाइकाचं तोंड मी कसं धरू? अर्धे प्लॉट बुक झाले. मास्तर लोक, ब्यांकेतले लोक. शेजारी कोन, हे पयले इचारतात." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या समाजाची वस्ती हाये ना रेल्वे लायनीच्या पलीकडं? तिथं एक नंबर जागा पाहून देतो. माह्या ओळखीनं."

छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर ते. पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी तुम्ही कुठं राहायचं हे सांगायला कोणी ना कोणी येतच होतं, आणि आताशा चहा पिऊन सांगत होतं. हरिदास खाली पाहू लागला.

"उद्या हापिसात येतो," धुरपता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं वर्ध्याला गेली. हरिदास दारातच उभा राहिला. धुरपता खुर्ची ओढून बसली.

"अठरात देतो, भाऊ."

वासुदेवरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अठरा?"

"पयला भाव तुमीच सांगतला व्हता. तोच मंजूर."

आठ हजार वाचले! वासुदेवरावांना त्या भोळ्या बाईची दया आली. ती त्यांनी फार वेळ टिकू दिली नाही. लगेच इसारचिठ्ठीचा कागद पुढं ओढला.

"पन त्यात एक लिहा," धुरपता म्हणाली. "अठरातले सहा हजार तुमच्याजवळच ठेवा. दोन हजार फूट, तीन रुपये फूट, तुमच्याच जाहिरातीतला भाव. आमचं घर हाये तोच कोपऱ्याचा प्लॉट. पावती आताच फाडा."

"अवो बाई, काल सांगतलं ना मी! तिथंच राहाचं असन तं घरापुरती जागा इकूच नका. मी मधून भित घालून देतो."

"भितीच्या बाहेर नाई राहत. नकाशात राहतो."

"अन ज्यायनं बुक केलं त्यायले काय सांगू?"

धुरपतानं जाहिरातीचा कागद टेबलावर पसरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, "बुकिंग गुढीपाडव्यापासून सुरू." मग वर पाहिलं. "पाडव्याले अजून नऊ दिवस हाये, भाऊ."

वासुदेवरावांनी आपणच छापलेला कागद पहिल्यांदा पाहावा तसा पाहिला. आजवर त्यांनी पुष्कळांना बोलण्यात गुंडाळलं होतं. आज आपण गुंडाळले गेलो हे त्यांना कळलं, आणि नवल म्हणजे राग आला नाही. उलट एखाद्या पैलवानानं दुसऱ्याचा डाव पाहावा तसे ते तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी खण उघडला. पावतीपुस्तक कोरं होतं.

"नाव हरिदासचं?"

"माह्यं."

त्यांनी लिहिलं. पावती नंबर एक. फाडून देताना मात्र त्यांच्यातल्या दलालाला राहवलं नाही.

"एक सांगा बाई. रस्ता तुमच्या हातात. सव्वीस बी घेतले असते अन प्लॉट बी घेतला असता, तं मले देणंच होतं. आठ हजार काऊन सोडले?"

"तुमीच म्हनले ना, मले पाहून गिऱ्हाइकं वापस जातीन. तुमचं नुसकान काऊन करू?" धुरपतानं पावतीची घडी घातली. "अन जो मले पाहून वापस जाईन, त्याचा शेजार मलेच नोको व्हता, भाऊ. तेवढ्याले आठ हजार काई जास्त नाई."