सकाळची प्रतिज्ञा

जपानमधल्या नागानोतला टीव्हीचा कारखाना तैवानच्या कंपनीने विकत घेतला आणि सकाळच्या प्रतिज्ञेत कंपनीचं नाव बदललं. आज ती सांगण्याची पाळी तोगावाची होती. इतरांनी मागून म्हणायचं. तो छातीवरचा नव्या कंपनीचा बिल्ला सारखा चाचपत होता. समोर नवे तैवानी साहेब आणि त्यांचा दुभाष्या होते. कुणाला काढायचं ते याच आठवड्यात ठरणार होतं. “जुनं नाव घेतलंस, तर उद्यापासून बायकोपुढे म्हण प्रतिज्ञा,” शेजारचा मुरोई कुजबुजला. तोगावाने नवं नाव स्पष्ट उच्चारलं. पण मागून सगळ्यांच्या तोंडून सवयीने जुनंच निघालं. मुरोईचा आवाज सर्वांत मोठा. साहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं, मग रांगांकडे. तोगावा कमरेत वाकला. “माफ करा साहेब, आधी मीच चुकलो. ते बिचारे माझ्यामागून म्हणाले.” “पण तू तर...” मुरोई पुटपुटला. “गप,” तोगावा म्हणाला आणि बिल्ला काढू लागला.