ओल्या सिमेंटवरची पावलं

पोलीस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी कन्नडला आमच्या गल्लीत सिमेंटचा पहिला रस्ता झाला. दारादारांत रांगोळ्या घालून सगळी गल्ली दोरीमागं उभी होती. नगरपालिकेचे मेंबर काकासाहेब येईल त्याला सांगत होते, "आपलं कन्नड आता शहर झालं बरं का!"

तेवढ्यात ओल्या सिमेंटवर एक अनवाणी पाऊल उमटलं. त्याच्यापुढं दुसरं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

केरबा गवंड्यानं घाईघाईनं थापी फिरवून ती बुजवली. तो मागं सरतो न सरतो, तीच पावलं पुन्हा उमटली आणि पुढं चालू लागली. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

"पुसू नको रं बाबा!" बानाबाई ओरडली. तिचा भिकन रझाकारांच्या धामधुमीत गेला, तो परतलाच नव्हता. तेव्हापासून ती घरात एकटी होती. "माझ्या लेकाचा पाय हाय त्यो!"

पावलं वळली आणि तिच्या उंबऱ्याशी संपली. बानाबाई हसत, रडत आत धावली.

आम्ही दोरीमागंच उभे राहिलो. आतून पायांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बानाबाईचा आवाज, आनंदानं चिरकलेला.

"अगं बाई! अन् ही कोण आणलीस रं संगं?"